बर्फवाटेवरची झाडे

पेती-हाव्र, २ फेब्रुवारी १९३१
मेणबत्त्यांचा सण

लिन शहरी, बुटांच्या कारखान्याजवळ राहणाऱ्यास,

वर नाव नाही, ते नजरचुकीने राहिलेले नाही. पाकिटावरचा पत्ता तुझ्या झेली आत्याने लिहिला आहे. आतला मजकूर माझा आहे. पाद्री होण्यासाठी धाडलेली सेमिनरी तू सोडल्याचे तुझे पत्र आले त्या संध्याकाळी भिंतीवरच्या क्रुसासमोर उभा राहून मी बोललो होतो की, या घरात ते नाव माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. देवासमोर उच्चारलेला शब्द मागे घेण्याची मुभा मला शास्त्रात कुठे आढळली नाही. शोधली नाही असे मात्र समजू नकोस.

तुझ्या जन्माच्या वेळी तुझी आई वाचावी म्हणून मी तुला देवाला वाहिले. ती वाचली. तू वेदीपासून उठून गेलास आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, असे आपले फादर सांगतात. ते तरुण आहेत.

पत्र लिहिण्याचे निमित्त साधे आहे. झेलीचा खोकला यंदा छातीत उतरला आहे आणि ती तुझी आठवण काढते. गावातही तुझी चौकशी होते. अजूनही लोक तुझ्या नावामागे माझे आणि माझ्या वडिलांचे नाव लावतात, ‘प्लासिदचा, सिमोंचा’ असे. नुसते ‘देव्हो’ म्हटले तर अर्धे गाव मान वळवते. मी ऐकतो आणि वाटेला लागतो.

खाडी चांगली गोठली आहे. मी आणि शेजारच्या फिदेलने नेहमीप्रमाणे वाट आखली. आपल्या धक्क्यापासून पलीकडच्या स्टेशनाच्या उतारापर्यंत बर्फात भोके पाडून फरची झाडे रोवली. फिदेल कंबर धरून म्हणाला, “प्लासिद, तू झाडं अशी रोवतोस जणू बायबलातल्यासारखा समुद्र दुभंगून वाट काढून देतोयस. फारोची फौज तेवढी मागून येत नाही, मासळीची पिंपं ओढणारे आपले गडी येतात.” त्याची थट्टा मला आवडत नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणूनच तो करतो.

वाटेची राखण माझ्याकडे आल्यापासून झाडांच्या रांगेतून चालणाऱ्याचा पाय भिजलेला नाही. ज्या बर्फावर मी स्वतः उतरणार नाही, त्यावर मी झाड उभे ठेवत नाही. बर्फ बिघडला की झाडे उपटून वाटेवर आडवी टाकायची, हे तुला मीच शिकवले. तेव्हा तुझी उंची त्या झाडांएवढीही नव्हती.

आज घरात काकवी घातलेले घावन केले. झेलीने एक जास्तीचे केले आणि झाकून ठेवले. कुणासाठी ते मी विचारले नाही.

तुझा जन्मदाता,
प्लासिद देव्हो


पेती-हाव्र, १८ फेब्रुवारी
राखेचा बुधवार

लिन येथे राहणाऱ्यास,

माझ्या पत्राला उत्तर आले नाही, आणि यावे अशी अट मी घातलेली नव्हती. झेलीला मात्र तुझे पत्र येते, असे दिसते. परवा बटाटे सोलता सोलता ती बोलून गेली, “कारखाना बंद पडला म्हणतात. अर्धे लोक रस्त्यावर.” मग तिला ठसका लागला, आणि तो ठसका गरजेपेक्षा जास्त वेळ चालला.

कपाळावर राख घेऊन चर्चमधल्या मिस्सेहून परतलो, तेव्हा तिने तुझ्या आईची पेटी उघडली होती. ती पेटी दफनाच्या दिवसापासून बंद होती. पलंगावर तिचा उभ्या पट्ट्यांचा लोकरीचा घागरा पसरलेला होता आणि झेली पिठाच्या गोणीचे तुकडे बेतत होती.

“हे काय चाललंय?”

“मध्योपवासाचं सोंग शिवतेय.”

“राखेच्या दिवशी? उपवासाच्या पहिल्याच दिवशी?”

“बोटं मोकळी असतील तो दिवस माझा. यंदा खोकला, पुढच्या वर्षी मी आहे की नाही कुणाला ठाऊक.”

“आणि घालणार कोण?”

“अरे दादा, ते सांगितलं तर मग तू ओळखणार काय, कपाळ?”

मी म्हणालो की, तो घागरा तमाशासाठी नाही. तिने दातातली सुई गोणीत टोचली. मग म्हणाली, “वहिनी असती तर स्वतः नेसून नाचली असती. तुझ्यासारखी भिंत नव्हती ती.”

उपवासकाळात मी भांडत नाही. उठून आलो.

यंदा हवा मला पसंत नाही. पौर्णिमेच्या भरतीला खाडीखालून असा आवाज येतो, की जणू कुणी तळघरात जड कपाट सरकवीत आहे. सील यंदा किनाऱ्याच्या फार जवळ आले आहेत आणि माणूस पाहूनही हलत नाहीत. काल वेचलेल्या लाकडांना बर्फाऐवजी घाम सुटलेला होता. फिदेल म्हणतो, म्हातारपणी सगळ्यांनाच कुठून ना कुठून आवाज येतात. तोही हल्ली बर्फावर पाऊल टाकण्याआधी क्रुसाची खूण करतो. मी पाहिले आहे.

रात्री बायबल वाचताना इफ्ताहापाशी अडखळतो. त्यानेही देवाला शब्द दिला होता, घरातून जे पहिल्याने बाहेर येईल त्याचा बळी देईन म्हणून, आणि बाहेर आले ते त्याचेच लेकरू. मी इतकी वर्षे ते पान शब्द पाळणाऱ्याच्या बाजूने वाचले. हल्ली वाचताना मला त्या मुलीची पावले ऐकू येतात.

तू इकडे ये, असे मी लिहीत नाही. वाट अजून चांगली आहे, एवढे लिहितो.

प्लासिद देव्हो


पेती-हाव्र, १३ मार्च
शुक्रवार

लिन येथे राहणाऱ्यास,

या पत्राचे उत्तर लगेच धाड. लिहिण्यासारखे काही नसेल तर नुसता कोरा कागद पाकिटात घाल. तुझ्या हाताने लिहिलेला पत्ता मला पुरेल.

काल मध्योपवास होता, चाळीस दिवसांच्या उपवासातला सोंगांचा एकच मोकळा दिवस. दुपारपासून तोंडे झाकलेली सोंगे, आम्हाला ओळखा म्हणत, घरोघर फिरत होती. पलीकडच्या किनाऱ्याचीही बरीच मंडळी सकाळच्या कडक बर्फावरून आली होती. आपल्या स्वयंपाकघरात दुपार कलताना चार सोंगे एकदम शिरली. एक बिशप होता, ज्याच्या टोपीला कोंबडीची पिसे होती, एक मिशीवाली नवरी, एक गाय, आणि चौथे, पट्ट्यांचा घागरा नेसलेले उंच सोंग, तोंडावर पिठाची गोणी, हातांत जाड हातमोजे. फिदेल चुलीजवळच बसला होता. ओळखण्याचा मान घरधन्याचा, पण तोंड सुटते ते त्याचे.

“या महाराज, या!” तो बिशपला म्हणाला. “तुमच्या अंगाला खारवलेल्या मासळीचा वास कसा काय? रोमहून बोटीने आलात वाटतं?”

आवाज ओळखू येऊ नये म्हणून बिशप श्वास आत ओढून, चिरक्या आवाजात म्हणाला, “पापी माणसा, गुडघे टेक!”

“टेकतो की! पण तू हेक्टर आहेस, लोरांचा, पिएरचा. बदकसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ चालतं.”

हेक्टरने टोपी काढली, सगळे हसले. नवरीला झेलीने मनगटावरून ओळखले; ती फिदेलचीच सून निघाली. “घरात सासऱ्यापुढे मान वर करत नाही, आणि इथे मिशा लावते!” असे म्हणत फिदेलने तिला काकवीची वडी दिली. गायही ओळखली गेली.

राहिले ते चौथे. ते चुलीच्या पलीकडच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. त्या स्टुलावर सहसा कुणी बसत नाही. त्याचा एक पाय आखूड आहे. ते डगमगले नाही. माहीत असल्यासारखे एका बाजूला रेलून बसले. फिदेलने गावातली नावे एकामागून एक घेतली. सोंग मान हलवीत राहिले आणि आत ओढलेल्या श्वासातूनसुद्धा एक शब्द बोलले नाही.

झेली म्हणाली, “दादा, एकच उरलंय. आता तू ओळख.”

“मला जमत नाही.”

“जमतं तुला. घरधनी तू आहेस. बापासकट, आज्यासकट नाव घ्यायचं, बस्स. खेळच आहे हा. खेळात घेतलेलं नाव देव धरत नाही रे.”

तिचा आवाज कापत होता. तो खोकल्यामुळे असेल असे मी मानले. मी म्हणालो, “या माणसाला मी ओळखत नाही.”

बोलून झाल्यावर आठवले की हेच शब्द पूर्वी एका शिष्याने, आपल्या प्रभूला नाकारताना, शेकोटीजवळ उच्चारले होते.

सोंग उठले. ओळखले न गेलेल्याने झाकलेल्या तोंडाने जावे, असा नियमच आहे. दाराजवळ त्याने हातमोजा काढून पवित्र पाण्याच्या वाटीत बोटे बुडवली आणि गोणीच्या कपाळावर खूण केली. त्याचा हात मी पाहिला नाही. माझा चष्मा टेबलावर होता.

त्यानंतर विशेष काही घडले नाही. बुधवारी कुऱ्हाडीने ठोकून पाहिले, तेव्हा खाडीमधल्या प्रवाहाच्या धारेजवळचा बर्फ ओला वाजला होता, आणि काल दुपारपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. दिवस मावळण्याआधी झाडे काढून टाकायची असे मी ठरवले होते. पाहुण्यांमुळे ते राहून गेले. आज उजाडताच गेलो. अर्ध्या खाडीपर्यंत झाडे उभी होती. पुढची सगळी कुणीतरी आधीच उपटून, वाटेवर आडवी टाकली होती, अगदी नीट, टोके वाऱ्याच्या दिशेला, जशी मी टाकतो तशी. धारेच्या तोंडाशी शेवटचे एकच झाड उभे राहिले होते. त्यापलीकडे उघडे पाणी होते.

फिदेलने काढली असणार. पलीकडची मंडळी काल सांजावता परत निघाली, तेव्हा आडवी झाडे पाहून ती मागे फिरली आणि गावात घरोघरी झोपली. सगळी सुखरूप आहेत. मिशीवाली नवरी सुखरूप आहे. बिशप सुखरूप आहे.

कोरा कागद पुरेल.

प्लासिद देव्हो


पेती-हाव्र, १७ मार्च

लिन येथे,

पत्ता लिहिताना हात थांबतो. तरी पत्र तिकडेच पाठवतो. दुसरा पत्ता मला माहीत नाही.

शनिवारी फिदेलला मी सहज म्हणालो, “बरं केलंस, झाडं काढलीस.”

“मी? मी तर दिवसभर तुझ्या चुलीजवळ तंगड्या ताणून बसलो होतो. तूच मला काकवी वाढत होतास.”

“मग कुणी?”

“तुझ्याशिवाय कुणाला येतं ते? मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर झाडं लावतो, पण टोकं कुठे करायची हे अजून मला विचारावं लागतं.” मग टोपी काढून म्हणाला, “आणखी एकाला येतं, प्लासिद.”

काल तो किनाऱ्याकिनाऱ्याने, जंगलातून, पलीकडच्या स्टेशनावर जाऊन आला. गुरुवारी सकाळच्या गाडीने एक उंच माणूस उतरला होता, पायात शहरी जोडे, काखेत गाठोडे. संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, असे स्टेशनमास्तरला सांगून तो बर्फावर उतरला. संध्याकाळची गाडी त्याच्याशिवाय गेली. फिदेलने हे सगळे दारातच उभे राहून सांगितले. बस म्हटले तरी बसला नाही. जाताना एवढेच म्हणाला, “माझी सून त्या रात्री माहेरी, पलीकडे जाणार होती.”

झेलीने आज प्रथमच तोंड उघडले. उपवासाआधीच तिने तुला लिहिले होते. मुखवटा घालून ये, खेळात तरी दादाला नाव घ्यावेच लागेल, आणि एकदा नाव निघाले की बाकीचे आपोआप होईल. गोठ्यात तिनेच तुला घागरा नेसवला. तू हसत होतास, असे ती म्हणते. आईचा घागरा तुला गुडघ्यापर्यंतच पोचत होता, म्हणून तिने खाली गोणपाटाची पट्टी जोडली होती.

“दादा,” ती म्हणाली, “मला एकच सांग. तुझा चष्मा कुठे होता?”

मी उत्तर दिले नाही. तुला देतो.

चष्मा माझ्या नाकावर होता. त्या हाताच्या अंगठ्याखाली मासेमारीच्या गळाची जखम मी स्वतः शिवली होती. त्याआधी स्टुलावर तू रेललास तेव्हाच मी ओळखले होते. त्याहीआधी, उंबऱ्यात पाय झटकलेस तेव्हा. जुन्या शास्त्रातला तो म्हातारा बाप आंधळा होता, म्हणून मुलाचा हात चाचपूनही फसला. मला असली सबब नाही.

झाडे पाहुण्यांमुळे राहिली, असे मी लिहिले. पाहुणे ऊन असतानाच उठून दुसऱ्या घरी गेले होते. कुऱ्हाड दाराशी होती. मला बर्फ बिघडल्याचे माहीत होते, आणि तू त्याच वाटेने गेलास हेही. पण मी निघालो असतो तर वाटेत तू भेटला असतास, आणि उघड्या आभाळाखाली मला तुला हाक मारावी लागली असती. मी दार लावून घेतले आणि जपमाळ हातात घेतली. उजाडल्यावर जाऊ, असे स्वतःला सांगितले. झाडे उभी असतील तर वाट चांगली आहे, असे तू धरून चालशील, हे मला ठाऊक होते. जगात दुसऱ्या कुणाच्या नसेल पण माझ्या झाडांवर तुझा भरवसा होता.

अर्ध्या खाडीवर तुला बर्फाचा आवाज कळला असणार. तिथून मागे फिरून येता आले असते. तू मागे फिरला नाहीस. मागून येणाऱ्यांसाठी एकेक झाड उपटत, आडवे टाकत पुढे गेलास. ते काम माझे होते. शेवटचे एक राहिले.

फादर येऊन गेले. म्हणाले, मृतांच्या मिस्सेत नाव वाचू. चर्चमध्ये नावे मीच वाचतो, गेली कित्येक वर्षे. मी त्यांना नाही म्हटले. त्यांना वाटले, अजून शपथच आड येते आहे. वाटू दिले.

प्लासिद


पेती-हाव्र, २९ एप्रिल १९३१

आमेदे, प्लासिदचा, सिमोंचा,
यास त्याच्या बापाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात जाणार नाही. लिनहून माझी चारही पत्रे परत आली. पहिले फोडलेले होते आणि घड्यांवर झिजले होते. घरमालकिणीने ते गादीखाली सापडल्याचे लिहून बाकीच्यांबरोबर पाठवले आहे. ‘बर्फ बिघडला की झाडे आडवी’ या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे.

खाडी गेल्या आठवड्यात बर्फातून सुटली. तिने परत काहीही दिले नाही. सकाळी उठून किनारा पाहतो आणि काही दिसले नाही की सुटकेचा श्वास टाकतो. मग दिवसभर त्या श्वासाची लाज वाटते. झाडे मात्र येतात. पिवळी पडलेली, फांद्या सोललेली, एकेक करून वाळूला लागतात. यंदा ती कुणी सरपणाला नेत नाही.

फिदेल आज सकाळी फळी घेऊन आला. समुद्राने ठेवून घेतलेल्यांसाठी दफनभूमीत जसा रिकामा क्रूस उभारतात, तसा त्याने तयार केला आहे. अक्षरे तेवढी कोरायची होती.

“काय लिहू?” त्याने विचारले. थट्टेचा एक शब्दही बोलला नाही, आणि मला ती थट्टा हवी होती.

“काही लिहू नकोस.”

“अजून? प्लासिद, तुझी शपथ देवानेही केव्हाच सोडून दिली असेल.”

“शपथेमुळे नव्हे,” मी म्हणालो. “नाव मला दुसरीकडे घ्यायचं आहे. आधी तिथे.”

झेलीने हे आतून ऐकले. बाहेर आली, माझी काठी माझ्या हातात दिली, आणि दीड महिन्यात प्रथमच मला ‘दादा’ म्हणाली. म्हणाली, “दादा, मफलर घे. वारा आहे.”

शपथ काय होती, हे मी वाटेने पुन्हा तपासले. या घरात, माझ्या तोंडून, असे शब्द होते. घराबाहेर हाक मारायला मला कधीच कुणी अडवले नव्हते. शब्द मीच दिला होता आणि तो मीच नीट वाचला नव्हता. शास्त्र वाचून दाखवण्यात माझा जन्म गेला.

धक्क्याच्या टोकाला उभा राहिलो. जिथून मी दर हिवाळ्यात पहिले झाड रोवतो, तिथे. पाणी काळे होते आणि फार शांत होते. खालून तोच आवाज येत होता, तळघरात कपाट सरकवल्यासारखा, बर्फ नसतानाही. माझ्या मागे कुणी कुणी येऊन उभे राहिले. मी वळून पाहिले नाही. चर्चमध्ये वाचतो त्याच आवाजात, बापासकट, आज्यासकट, तीन वेळा तुझे नाव घेतले.

उत्तर आले नाही. पण मी तिथून हललेलो नाही. हे पत्र धक्क्यावरच, गुडघ्यावर धरून लिहितो आहे. बुटके स्टूल झेलीने आणून शेजारी ठेवले आहे.

आमेदे, खेळाचा नियम तुला ठाऊक आहे. घरधन्याने नाव घेतले की सोंगाने तोंड उघडे करायचे असते.

मी नाव घेतले आहे.

तुझा बाप